द्राक्षाच्या मण्यावरचे अदृश्य अक्षर

काही महिन्यांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात 'वर्णपट' या विषयावर बोलायला गेले होते. प्रिझम, सोडियमची पिवळी जोडरेषा, सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा असे नेहमीचे सारे सांगून झाले. चहाच्या वेळी दिंडोरीकडचे एक शिक्षक जवळ आले. घरची तीन एकर द्राक्षबाग, शाळा सांभाळून भावाबरोबर बघतात. त्यांनी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. एक माणूस काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र द्राक्षाच्या घडाला टेकवतो, आत दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते : 'अवशेषमुक्त'.

"मॅडम, हे वर्णपटावरच चालतं म्हणे. खरं असतं का हो? खरं असेल तर आजच घेतो. नमुना दिला की रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. माल वेलीवर, व्यापारी दारात आणि आमच्या हातात कागद नाही."

मी 'नाही' असे एका शब्दात उत्तर दिले. ते बरोबर होते, पण अपुरे होते. प्रकाश टाकून फळावरचे औषध ओळखता येते हे खोटे नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत ते केले जाते, मीही करते. मग हे यंत्र का नाही चालणार? या 'का'चे उत्तर उभ्या उभ्या चहाच्या कपाबरोबर देता आले नाही, म्हणून हा लेख.

(आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. वेलीच्या बाजूने पाहिले तर ते औषधच आहे. खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले की तोच पदार्थ 'अवशेष' होतो. या लेखात दोन्ही शब्द येतील.)

थोडे म्हणजे किती थोडे?

फळावर औषधाचा अंश किती राहिलेला चालेल याला 'कमाल अवशेष मर्यादा' म्हणतात. द्राक्ष बागायतदार तिला 'एमआरएल' या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात. प्रत्येक औषधाची व प्रत्येक पिकाची मर्यादा वेगळी असते. ज्या औषधासाठी अशी खास मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही मर्यादा ओलांडली की फळ विषारी झाले, असे नाही. औषध शिफारशीप्रमाणे, ठरलेल्या मात्रेत आणि काढणीपूर्वी ठरलेले दिवस सोडून वापरले तर फळात जास्तीत जास्त किती अंश उरेल, यावरून ती ठरते. माणसाला रोज किती अंश पोटात गेला तरी चालेल याचा हिशेब वेगळा असतो आणि मर्यादा त्याच्या आत बसते ना हे तपासले जाते. ०.०१ या सरसकट मर्यादेमागे तर 'प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल इतके कमी' एवढाच अर्थ आहे.

आता ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. दहा कोटी सेकंदांची तीन वर्षे दोन महिने होतात. त्या काळातला एक सेकंद शोधून काढायचा. किंवा दुसऱ्या बाजूने पाहू. पाच ग्रॅमच्या एका मण्यात या प्रमाणात ५० नॅनोग्रॅम औषध असेल. औषधाचा रेणुभार २०० धरला तर ॲव्होगॅड्रोच्या संख्येवरून रेणूंची संख्या येते सुमारे दीड कोटी कोटी. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) म्हणजे रेणू पुष्कळ आहेत, वाण संख्येची नाही. अडचण आहे ती गर्दीची. गोड द्राक्षाच्या एका किलोत १८० ग्रॅम तरी साखर असते. औषधाच्या त्या ०.०१ मिलिग्रॅमच्या ती १ कोटी ८० लाख पट भरते. शिवाय पाणी, आम्ले, सालीवरचे मेण, रंगद्रव्ये. या जत्रेत हरवलेले पोर शोधायचे आहे आणि तेही हाक मारून.

ही 'थोडे'पणाची जाणीव आकड्यांनी येत नाही. तिच्यासाठी वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगते. पोटॅशियम परमँगनेट १ ग्रॅम घेऊन एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. हे पहिले द्रावण, लिटरला १००० मिलिग्रॅम. त्यातले १० मिलिलिटर घेऊन त्यात ९० मिलिलिटर पाणी घाला. हे दुसरे द्रावण, १०० मिलिग्रॅमचे. असे दहा-दहा पटींनी पातळ करत सहा बाटल्या तयार करा. परीक्षानळ्या उंच भरून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून आत पाहा. चौथ्या नळीत, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम असताना, फिका गुलाबी रंग अजून दिसतो. पाचवीत काही मुले 'दिसतो' म्हणतील, काही 'नाही' म्हणतील. सहावी आणि साधे पाणी यांत कोणालाही फरक सांगता येणार नाही. आपली ०.०१ ची मर्यादा ही सहावी नळी आहे. आणि परमँगनेट हा तर शाळेच्या कपाटातला भडक रंगाचा गडी.

डोळ्याऐवजी यंत्र लावले तर? परमँगनेट ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो. एक सेंटिमीटर जाडीच्या सहाव्या द्रावणातून असा प्रकाश सोडला तर दहा हजार प्रकाशकणांपैकी जेमतेम तीन-चार शोषले जातील. दिव्याच्या तेजात होणारा किरकोळ चढउतारसुद्धा याहून मोठा असू शकतो. स्वच्छ पाण्यात ही गत, तर द्राक्षाच्या रसात काय होईल याची कल्पना करा.

कोबी खोटे बोलतो तेव्हा

तरीही साध्या शोषण वर्णपटमापकाने अवशेष मोजण्याची एक पद्धत गेली अनेक दशके चालत आली आहे. तिची युक्ती अशी की अवशेषाला फळात शोधायचेच नाही. त्याला फळाबाहेर काढायचे आणि रंगीत कपडे घालून उभे करायचे.

द्राक्षावरच्या केवड्यासाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपल्याकडे खूप फवारले गेले आहे. ते डायथायोकार्बामेट कुळातले. नेहमीच्या कोणत्याही विद्रावकात नीट विरघळत नाही, त्यामुळे त्याला रसातून काढून घेणे अवघड. म्हणून फळाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्ल व स्टॅनस क्लोराइडबरोबर तापवतात. औषधाचा रेणू मोडतो व कार्बन डायसल्फाइडची वाफ बाहेर पडते. ती लेड ॲसिटेटच्या द्रावणातून नेली की बरोबर आलेला हायड्रोजन सल्फाइड काळा साका होऊन मागे राहतो. पुढच्या नळीत कॉपर ॲसिटेट व डायइथॅनॉलअमाईन यांचे अल्कोहोलमधले द्रावण असते. कार्बन डायसल्फाइड तेथे पोहोचला की पिवळे संयुग तयार होते आणि ४३५ नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजतात. जितका पिवळेपणा, तितका कार्बन डायसल्फाइड आणि त्यावरून तितके औषध. पाव किलो फळातला सगळा अवशेष थोड्याशा द्रावणात गोळा होतो, म्हणून ते 'थोडे' एकदम मोजण्याजोगे होते.

पण या हुशारीची किंमत आहे. पिवळा रंग कार्बन डायसल्फाइडचा आहे. तो मॅन्कोझेबमधून आला की त्याच कुळातल्या थायरम, झायरममधून आला, हे रंग सांगत नाही. त्याहून गमतीची गोष्ट कोबीची. कोबी, फ्लॉवर, कांदा यांच्यात निसर्गतःच गंधकाची संयुगे असतात. आम्लात तापवल्यावर त्यांच्यातूनही कार्बन डायसल्फाइड निघू शकतो. म्हणजे ज्या कोबीवर कधी थेंबही फवारला नाही, त्याचा रिपोर्ट 'डायथायोकार्बामेट आढळले' असा येऊ शकतो. येथे यंत्र चुकलेले नसते, विश्लेषक चुकलेला नसतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आलेले असते, फक्त प्रश्न वेगळा होता. पुढे जे काही सांगणार आहे त्यात हाच घोटाळा निरनिराळ्या वेषांत भेटेल.

बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. त्यांच्यात ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर असते. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटांतली कीटकनाशके त्याला निकामी करतात, रंग येत नाही, यावरून ती ओळखायची. एलमन यांनी १९६१ साली सुचवलेल्या पद्धतीत हा रंग पिवळा असतो व ४१२ नॅनोमीटरला मोजतात. पद्धत चांगली, स्वस्त. पण जे औषध त्या विकराला धक्का लावत नाही, ते या पट्टीला दिसतच नाही. बहुतेक बुरशीनाशके आणि वाढ रोखणारी संजीवके यातच मोडतात.

शिबिरातल्या त्या छोट्या यंत्राकडे वळू. अशी बहुतेक यंत्रे लाल रंगापलीकडच्या 'निकट अवरक्त' प्रकाशावर चालतात. या प्रकाशाला पाणी आणि साखर छान दिसतात. फळ न कापता त्याची गोडी सांगणारी यंत्रे याच तत्त्वावर आहेत आणि ती चांगली काम करतात. पण या पद्धतीला साधारणपणे हजारात एक भाग इतका अंश असला तरच तो धडपणे जाणवतो. आपल्याला हवा आहे दहा कोटींत एक. मधले अंतर एक लाख पटींचे आहे. काही संशोधक 'औषध मारलेली' आणि 'न मारलेली' फळे या प्रकाशाने वेगळी काढून दाखवतात. त्यात पुष्कळदा सालीतला ओलावा, पिकण्याची अवस्था किंवा फवारणीतल्या इतर द्रव्यांचा थर यांतला फरक यंत्राने शिकून घेतलेला असतो. दुसऱ्या बागेतली फळे आणली की विद्या संपते.

रामन यांचा प्रकाश

मग प्रकाशाने औषधाचे नाव-गाव विचारता येत नाही का? येते, आणि ती वाट आपल्याच देशात सापडली. १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी दाखवले की एका रंगाचा प्रकाश द्रवातून विखुरला जातो तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. सुरुवातीचे प्रयोग सूर्यप्रकाश आणि रंगीत गाळण्या यांवर झाले. पुढे पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणि वर्णपटदर्शक आला. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन आपण शाळेत साजरा करतो तो याच शोधासाठी.

रंग का बदलतो? रेणूतील अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत कंप पावत असतात. प्रकाशकण रेणूवर आदळून परतताना कधी कधी थोडी ऊर्जा त्या कंपनाला देऊन बसतो. जितकी ऊर्जा दिली, तितका तो लालसर होतो. दिलेली ऊर्जा कोणत्या बंधाच्या कंपनाला दिली यावर ठरते, म्हणून रंगातला हा फरक रेणूची सही ठरतो. हा फरक 'प्रति सेंटिमीटर' या एककात मोजतात. उदाहरणार्थ, वर उल्लेखलेल्या थायरमची ठळक खूण चांदीच्या पृष्ठावर १३८० च्या आसपास मिळते. आपण ७८५ नॅनोमीटरचा लेसर टाकला, तर थायरमकडून परतणारा त्या खुणेचा प्रकाश सुमारे ८८० नॅनोमीटरला सापडेल. (७८५ नॅनोमीटर म्हणजे १२,७३९ प्रति सेंटिमीटर. त्यातून १३८० वजा करून परत तरंगलांबी काढा.) साखरेची सही वेगळी, मेणाची वेगळी. गर्दीत प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येईल अशी ही सोय आहे.

मात्र आवाज फारच बारीक. विखुरलेल्या प्रकाशकणांपैकी साधारण कोटीत एखादाच असा रंग बदलतो. शिवाय फळाची साल स्वतःच उजळते. याचा अनुभव घ्यायचा तर पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटून हिरवा अर्क गाळून घ्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासण्याचा जांभळा टॉर्च टाका. हिरवा अर्क गर्द लाल दिसेल. हरितद्रव्याने शोषलेला प्रकाश लाल होऊन परत येतो. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. तो रामन प्रकाशापेक्षा इतका तेजस्वी असतो की भोंगा चालू असताना कुजबुज ऐकण्याचा प्रकार होतो. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरायचा तो याच कारणाने. या लांब लाटेच्या प्रकाशाने सालीतली रंगद्रव्ये फारशी चेकाळत नाहीत.

येथे स्वतःची एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ७८५ चा लेसर बिघडलेला होता, म्हणून एक विद्यार्थी ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवर द्राक्षे तपासत होता. घड खास मागवलेले, ज्यांवर काहीही फवारलेले नाही असे. वर्णपटात ४८४ ला टोकदार शिखर आले. गंधकाची खूण ४७३ ला येते. भुरीसाठी बागेत गंधक मारतातच. यंत्राची मोजपट्टी थोडी सरकली असेल, म्हणून ४७३ चे ४८४ झाले, असे आम्ही ठरवले. १५२८ ला दुसरे शिखर होते. सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचे १५२५ च्या आसपास येते, तेव्हा तेही जुळले. १४६५ चे तिसरे मेणाच्या खात्यावर टाकले. सगळे कसे छान बसले. बागायतदाराला फोन करून "तुम्ही गंधक मारले होते का?" असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तो बिचारा शपथा घेऊ लागला.

दोन दिवसांनी विद्यार्थ्याने लेसर बंद ठेवून यंत्र चालवले. तिन्ही शिखरे जागच्या जागी होती! ती द्राक्षाची नव्हतीच. छतावरच्या ट्यूबलाईटमधल्या पाऱ्याच्या रेषा होत्या : ५४६ नॅनोमीटरची हिरवी, ५७७ व ५७९ च्या पिवळ्या. ५३२ च्या लेसरपासून त्यांचे अंतर मोजले की नेमके ४८४, १४६५ आणि १५२८ येते. ज्या पाऱ्याच्या दिव्याचा उपयोग करून रामन यांनी आपला परिणाम पक्का केला, त्याच पाऱ्याने आम्हाला बनवले. बागायतदाराची क्षमा मागितली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नमुन्याबरोबर तीन मोजण्या होतात : लेसर बंद, लेसर चालू पण नमुना नाही, आणि खात्रीचा कोरा नमुना.

आपल्याला या रेषा पाहायच्या तर एक जुनी सीडी घ्या. तिच्यावरचे चर १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे ती फुकटची विवर्तन जाळी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडा, समोरच्या बाजूला सीडीचा तुकडा तिरका बसवा आणि वरच्या भोकातून पाहा. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाईटकडे फट धरली की सलग पट्ट्यावर झळकणारी हिरवी रेषा दिसेल. एलईडीच्या दिव्यात ती नसते. (सूर्याकडे खोके कधीही धरू नये.)

चांदीचा पक्षपात

कुजबुज मोठी करण्याचा मार्ग १९७४ मध्ये जवळजवळ अपघाताने सापडला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन हे चांदीच्या खडबडीत केलेल्या पत्र्यावर पिरिडिनचे रेणू पाहत होते. त्यांना रामन प्रकाश मिळाला तो अपेक्षेपेक्षा फार जास्त. त्यांना वाटले, खडबडीत पृष्ठभागावर रेणू जास्त बसले असतील. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हिशेब करून दाखवले की नुसत्या वाढीव रेणूंनी हे होणार नाही, एकेका रेणूचा आवाजच लाखो पटींनी वाढलेला आहे. चांदीच्या सूक्ष्म उंचवट्यांत प्रकाशाच्या तालावर इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात आणि त्यांच्या अगदी लगत, विशेषतः दोन कणांमधल्या फटीत, प्रकाशाचे क्षेत्र प्रचंड तीव्र होते. त्या फटीत सापडलेला रेणू ओरडल्यासारखा ऐकू येतो.

असे कण करणे अवघड नाही. सिल्व्हर नायट्रेटचे उकळते द्रावण आणि सोडियम सायट्रेट एवढ्यावर चांदीचे नॅनोकण मिळतात. २०१० मध्ये चीनमधील शामेन विद्यापीठाच्या तिएन चोंगछ्युन यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर सिलिकाचे अतिपातळ कवच चढवले आणि ती भुकटी संत्र्याच्या सालीवर पसरून पॅराथिऑन या कीटकनाशकाची खूण तेथल्या तेथे मिळवून दाखवली. 'नेचर'मध्ये तो निबंध आल्यावर फळावरच्या अवशेषांसाठी या पद्धतीचा नाद अनेकांना लागला. मलाही.

इतक्या वर्षांनी माझे मत सांगते. पद्धत सुंदर आहे, पण चांदी पक्षपाती आहे. थायरममधील दोन गंधक-अणूंचा बंध चांदीवर तुटतो आणि दोन्ही अर्धे चांदीला घट्ट चिकटतात. म्हणूनच या विषयावरच्या निबंधांत थायरम वारंवार भेटतो. तो सोपा विद्यार्थी आहे. ज्या औषधाला चांदीची ओढ नाही ते फटीत शिरतच नाही, कितीही असो. जागा भरायला फळातली इतर द्रव्ये टपलेली असतात. शिवाय एका ठिकाणी फट अरुंद, शेजारी रुंद, त्यामुळे त्याच मण्यावर अर्ध्या मिलिमीटरवर आकडा बदलतो. 'आहे' असे ही पद्धत छान सांगते. 'किती आहे' हे सांगताना अडखळते. आणि ती सालीवरचेच पाहते. वेलीने मुळांतून-पानांतून शोषून घेऊन गरात पोहोचवलेले औषध तिला कसे दिसणार?

ही शेवटची शंका पुस्तकी नाही.

२०१० चा धडा

२००३ साली महाराष्ट्रातून नेदरलँड्सला गेलेल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अंश मर्यादेबाहेर सापडले होते. त्यानंतर 'अपेडा'ने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना आणली. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे तिचे संदर्भ केंद्र झाले. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आले, बागेबागेची नोंद होऊ लागली. काढणीपूर्वी प्रत्येक नोंदलेल्या बागेचा नमुना तपासायचा आणि मगच कंटेनर भरायचा, अशी शिस्त बसली.

आणि तरीही २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडकली. या वेळी सापडले क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत 'सीसीसी'. द्राक्षासाठी त्याची युरोपीय मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हे कीटकनाशक नव्हे, फुटीचा जोर कमी करून घडनिर्मिती वाढवणारे संजीवक. खरड छाटणीनंतर, म्हणजे फळ काढण्याच्या सात-आठ महिने आधी मारायचे. तोवर ते कुठले उरायला, असाच सर्वांचा समज. पण ते वेलीत टिकून राहिले आणि पुढच्या हंगामाच्या मण्यांत उतरले. आपल्या प्रयोगशाळांची यंत्रे चांगली होती. मात्र तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते.

यादीत नाव नसेल तर चांगले यंत्रही ते का दाखवत नाही, हे समजायला त्या यंत्राचे काम पाहावे लागेल. अवशेषांचा अंतिम निवाडा आज वस्तुमान वर्णपटमापक देतो. यात प्रकाश नाही, त्यामुळे त्याला 'वर्णपट' म्हणावे का असे एखादा कर्मठ म्हणेल. रेणूंना विद्युतभार देऊन त्यांची वजनाप्रमाणे रांग लावायची, एवढ्या अर्थाने तो वर्णपटच.

आधी द्राक्षांचा देठासकट नव्हे, पण सालीसकट लगदा करतात. त्यातून विद्रावकाने औषधे काढून घेतात. भारतीय द्राक्षांसाठी इथिल ॲसिटेटची पद्धत रुळली. जगात इतरत्र २००३ मध्ये आलेली ॲसिटोनायट्राइल आणि मॅग्नेशियम सल्फेटची झटपट पद्धत लोकप्रिय आहे. दोन्हींत एका दमात शेकडो औषधे निघतात. क्लोरमेक्वाट मात्र जन्मतःच धनभारित आयन आहे. मिठासारखा तो पाण्याला धरून बसतो, इथिल ॲसिटेटकडे ढुंकून पाहत नाही. म्हणजे नमुना यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच तो गाळात राहतो. त्याला पाणी आणि मिथेनॉल घेऊन वेगळे काढावे लागते.

आणि काढल्यावर? यंत्राचा पहिला दरवाजा फक्त १२२ वस्तुमानाच्या आयनांना आत सोडतो. हे क्लोरमेक्वाटचे वजन, पण त्याच वजनाचे आणखीही कोणी असू शकते. म्हणून मधल्या दालनात वायूच्या रेणूंवर आपटून त्याला फोडतात. त्यातून ५८ वजनाचा तुकडा निघतो आणि तिसरा दरवाजा फक्त तो तुकडा सोडतो. तरी खात्रीसाठी आणखी एक खूण पाहतात. निसर्गातील क्लोरीनचे दोन समस्थानिक आहेत, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. तेव्हा खरे क्लोरमेक्वाट असेल तर १२२ बरोबर १२४ ही यायला हवा, त्यातूनही ५८ निघायला हवा आणि दोघांचे प्रमाण तीनास एकच्या जवळ हवे. नववीच्या पुस्तकातले समस्थानिक येथे साक्षीदार म्हणून उभे राहतात. कोबीला किंवा ट्यूबलाईटला ही तिहेरी नक्कल साधणार नाही.

पण पाहिलेत ना, '१२२ सोड, ५८ सोड' हे यंत्राला कोणीतरी आधी सांगावे लागते. न सांगितलेले हजारो आयन समोरून जातात आणि यंत्र त्यांना पाहत नाही. 'आढळले नाही' याचा अर्थ 'जे विचारले ते आढळले नाही'. २०१० नंतर क्लोरमेक्वाट यादीत आले. सर्वच आयनांची नोंद ठेवणारी व नंतर चाळता येणारी यंत्रेही आता काही प्रयोगशाळांत आहेत, पण त्यांनाही विद्रावकात न आलेला पदार्थ दिसत नाही. मॅन्कोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरमध्ये नाकारले, आणि त्याची मोजणी मात्र अजूनही कार्बन डायसल्फाइडच्या रूपातच करावी लागते.

दिंडोरीच्या शिक्षकांना मी नंतर सविस्तर फोन केला. यंत्र विकत घेऊ नका असे म्हटले नाही, एक परीक्षा सुचवली. चार घड घ्या. एक परसातल्या कधीच न फवारलेल्या वेलीचा, दुसरा त्याच वेलीचा पण आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फवारलेला, उरलेले दोन बागेतले, ज्यांचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट तुमच्याकडे आहे. (फवारलेला घड मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि नंतर पुरून टाका.) घडांवर नुसते आकडे लिहा, कोणता कुठला ते विक्रेत्याला सांगू नका.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. विक्रेता आला होता, भला माणूस होता, परीक्षेला लगेच तयार झाला. चारही घडांना हिरवी खूण मिळाली. दुसऱ्या घडावर तर औषधाचे पांढरे डाग डोळ्यांना दिसत होते. विक्रेता थोडा वेळ यंत्र उलटसुलट करून पाहत राहिला आणि म्हणाला, "पण सर, गोडी बरोबर दाखवतं हे." मास्तरांनी घरातून आपला रिफ्रॅक्टोमीटर आणून चारही घडांचा रस तपासला. गोडी खरोखरच बरोबर होती.